खांद्यावरची रायफल : प्रस्तावना

१९८३ साली अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यात, पॉल्डन गावाजवळच्या गनसाइट या नेमबाजी प्रशिक्षण केंद्रात काही जाणकार मंडळी जमली. त्यांत बंदुका घडवणारे कारागीर होते, बंदुकांवर लिहिणारे होते, उभी हयात नेमबाजीत घालवलेले लोक होते. बोलावणं जेफ कूपर यांचं होतं. मरीन कोअरचे माजी लेफ्टनंट कर्नल असलेल्या कूपर यांनी १९७६ मध्ये हे केंद्र सुरू केलं होतं. बैठकीपुढचा प्रश्न साधा होता. एकटा माणूस पायी रानात निघाला आहे, मागे गाडी नाही, सोबत कोणी नाही आणि त्याच्याजवळ एकच रायफल आहे. ती कशी असावी?

उत्तर आकड्यांत लिहिलं गेलं. लांबी एक मीटरच्या आत. दुर्बीण आणि पट्टा धरून, पण काडतुसं न भरता, वजन ३ किलो. फारच झालं तर ३.५. काडतूस .३०८ विंचेस्टर, कारण ते जवळजवळ कुठेही मिळतं. दुर्बीण कमी शक्तीची आणि नळीवर पुढे सरकवून बसवलेली. ती फुटलीच तर नुसत्या डोळ्यांनी नेम धरता यावा म्हणून वेगळं साइट. पट्टा असा, की चालताना खांद्याला आणि नेम धरताना हाताला आधार देईल. या कल्पनेला कूपर यांनी ‘स्काउट रायफल’ असं नाव दिलं आणि पुढची कित्येक वर्षं ते तिच्या मागे लागून राहिले. ऑस्ट्रियाच्या स्टायर मानलिखर कंपनीने त्यांच्या सल्ल्याने अशी रायफल बाजारात आणली, तोवर नव्वदचं दशक संपत आलं होतं.

हे आकडे नीट पाहिले, की त्यांतले किती चालण्याबद्दलचे आहेत ते लक्षात येतं. रानात आठवडा काढणारा माणूस रायफल दिवसाचे कितीतरी तास वाहतो आणि बहुतेक वेळा एकदाही झाडत नाही. चढावर ती पाठीला रुतते, झुडपात अडकते, ओढा ओलांडताना तोल घालवते. तिसऱ्या दिवशी कंटाळून माणूस ती तंबूत ठेवून पाणी आणायला जातो, आणि नेमकी तेव्हाच ती लागणार असते. म्हणून हलक्या बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलीत कुठलाही बदल करण्याआधी एक प्रश्न विचारावा असं मला वाटतं: हे दिवसभर वाहिल्याचं मोल मला कुठे मिळणार आहे? हे पुस्तक या एका प्रश्नाभोवती उभं आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकाच्या मनात जी पहिली शंका येईल तिचं उत्तर आधीच देतो. सह्याद्रीत भटकणाऱ्याला रायफलीची गरज नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडची शिकार बंद झाली आणि ती बंदच राहावी, असं माझं ठाम मत आहे. हरिश्चंद्रगडावर मुक्काम करायचा तर काठी, बॅटरी आणि पुरेसं पाणी एवढं बस्स होतं. या विषयाची भूमी वेगळी आहे: अलास्का, कॅनडाचा उत्तर भाग, ग्रीनलंड, नॉर्वेचा स्वालबार्ड द्वीपसमूह. तिथे वाटेवर अस्वल येतं, पुढची वस्ती कित्येक दिवसांच्या अंतरावर असते आणि हवामान बिघडलं की विमान ठरल्या दिवशी येत नाही. अशा ठिकाणी रायफल ही तंबू, स्टोव्ह, दोरी यांच्याच यादीतली वस्तू असते.

मराठीत हे लिहावंसं वाटलं, कारण मराठी माणसं आता त्या मुलखांतही राहतात आणि तिथल्या रानात जातात. शिवाय खडकी, वरणगाव, अंबरनाथ इथल्या आयुध निर्माणींत ज्यांच्या पिढ्या राबल्या, त्या घरांना काडतुसाचं पितळ आणि त्यावरचा शिक्का यांची ओळख जुनी आहे. आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवल्यापासून या यंत्राविषयी आस्थेने विचारणारी तरुण मुलं जास्त भेटू लागली आहेत. त्यांना एक फरक सुरुवातीलाच सांगावा लागतो. त्या स्पर्धेतली रायफल नियमाप्रमाणे ८ किलोपर्यंत जड असू शकते आणि तिथे वजन नेमबाजाचा मित्र असतं, कारण जड वस्तू कमी हलते. इथे आपण त्या मित्रालाच सोडून निघालो आहोत. त्याची जागा कशाने भरून काढायची, हा या विषयाचा खरा गाभा.

आधी यंत्राची ओळख. बोल्ट-अ‍ॅक्शन म्हणजे दाराच्या अडसरासारखी रचना. मूठ वर उचलली की बोल्टच्या डोक्यावरचे कान खाचांतून सुटतात. मागे ओढली की रिकामं काडतूस बाहेर फेकलं जातं. पुढे ढकलली की मॅगझिनमधलं नवं काडतूस नळीत सरकतं. खाली दाबली की कान पुन्हा खाचांत बसून दार बंद. सगळं काम हाताच्या बळाने होतं. स्वयंचलित रायफलीत हेच काम दारूचा वायू आणि स्प्रिंगा करतात. तेल घट्ट झालं, काजळी साठली किंवा बर्फ शिरलं की त्यांचं गणित चुकतं. बोल्टवाल्या रायफलीत काही अडलं तर हाताला कळतं आणि जोर लावता येतो. पाउल माउझर यांच्या १८९८ च्या रचनेत बोल्टच्या कडेला एक लांब पोलादी नखी आहे. काडतूस मॅगझिनमधून वर येताक्षणी ही नखी त्याची कड पकडते आणि ते बाहेर पडेपर्यंत सोडत नाही. बधिर हातांनी बोल्ट अर्धवट चालवून पुन्हा मागे ओढला, तरी दोन काडतुसं एकमेकांवर चढून अडकत नाहीत. सव्वाशे वर्षं झाली, तरी रानात जाणारे लोक या नखीचा आग्रह धरतात आणि तो मला योग्य वाटतो.

ग्रीनलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर कुत्र्यांच्या घसरगाड्यांवरून गस्त घालणाऱ्या डॅनिश सिरियस तुकडीने पहिल्या महायुद्धाच्या काळातली .३०-०६ ची एनफील्ड रायफल दशकानुदशके वापरली, कारण तिथल्या थंडीत ती चालते. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या कॅनेडियन रेंजर्सकडे सुरुवातीपासून .३०३ ची ली-एनफील्ड होती. सुमारे ७० वर्षांनी ती बदलायची वेळ आली, तेव्हा निवडलेली सी-१९ सुद्धा बोल्ट-अ‍ॅक्शनच निघाली. ती फिनलंडच्या टिक्का रायफलीवर बेतलेली आहे आणि .३०८ चं काडतूस घेते. तिच्यातले बदल पाहण्यासारखे आहेत. जाड हातमोजा घालून बोट आत जावं म्हणून चापाभोवतीची कडी मोठी. दस्ता लाल, बर्फात पडला तरी दिसावा असा. ज्यांना ही वस्तू खरोखर वापरायची आहे, त्यांच्या मागण्या एवढ्या साध्या असतात.

हलक्या रायफलीची ओढ मात्र कूपर यांच्यापेक्षा जुनी आहे. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ मध्ये जिम कॉर्बेट यांना संयुक्त प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नरांकडून जी रायफल मिळाली, ती माउझर अ‍ॅक्शनवर बांधलेली .२७५ रिग्बी होती. त्यांच्याकडे .४५०/४०० ची जड दुनळीही होती, पण कुमाऊंच्या कड्याकपाऱ्यांत पायी हिंडताना ही हलकी, सौम्य धक्क्याची रायफल त्यांनी वर्षानुवर्षं जवळ बाळगली. हलकेपणा आणि सौम्य काडतूस ही जोडी त्या रायफलीत एकत्र आहे, हे लक्षात ठेवावं. पुढे ज्यांनी नुसतं वजन उतरवलं आणि काडतूस तेच ठेवलं, त्यांना ते जड गेलं.

त्याचं ठळक उदाहरण म्हणजे ब्रिटिशांची नंबर ५ रायफल, जिला लोक ‘जंगल कार्बाइन’ म्हणतात. १९४४ मध्ये ती तयार झाली. ली-एनफील्ड नंबर ४ चं वजन ४ किलोच्या वर. ते सुमारे ३.२ किलोवर आणलं. त्यासाठी नळी २५ इंचांवरून १९ इंचांच्या आत आणली, लाकूड कमी केलं, नळीच्या बुडाशी आणि अ‍ॅक्शनवर जिथे जिथे पोलाद ‘जास्तीचं’ वाटलं तिथे ते कोरून काढलं, बोल्टच्या मुठीचा गोळासुद्धा आतून पोकळ केला. नळीच्या तोंडाला ज्वाळा झाकणारं शंकूच्या आकाराचं नळकांडं बसवलं आणि दस्त्याच्या टोकाला रबराची गादी लावली. कागदावर सगळं ठीक होतं. प्रत्यक्षात गादी इतकी अरुंद होती, की धक्का पसरण्याऐवजी खांद्याच्या एका जागी एकवटला. आणि शिपाई तक्रार करू लागले, की आज नेमका बसवलेला नेम उद्या सरकलेला असतो. या दोषाला ‘भटकता शून्य’ असं नावच पडलं. १९४७ मध्ये उत्पादन थांबलं. ही रायफल दिसायला आजही देखणी वाटते आणि हौशी लोक जुन्या ली-एनफील्ड कापून तिच्या प्रतिकृती बनवत राहतात. आपल्या ईशापूर कारखान्यात साठच्या दशकात ७.६२ मिलिमीटर काडतुसासाठी बनलेल्या २-ए आणि २-ए१ रायफली अमेरिकेत विकल्या गेल्यावर त्यांतल्या कित्येकींच्या वाट्याला हेच आलं. धडधाकट रायफल अशी कापलेली पाहिली की मला वाईट वाटतं.

धक्क्याचं गणित एकदा समजून घेतलं, की बऱ्याच चुका टळतात. गोळी आणि दारूचा वायू जेवढा संवेग पुढे नेतात, तेवढाच संवेग रायफल मागे आणते. रायफल जड असो की हलकी, हा संवेग तितकाच. पण खांद्यावर आदळणारी ऊर्जा वजनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. ३.६ किलोची रायफल २.४ किलोवर आणली, तर तेच काडतूस दीडपट ऊर्जेने धक्का देतं. खांदा दुखणं ही यातली लहान गोष्ट. मोठी गोष्ट अशी, की शरीर धक्क्याची वाट पाहायला शिकतं. चाप ओढण्याच्या क्षणी डोळे मिटतात, खांदा आखडतो, नळी खाली जाते, आणि माणसाला वाटतं रायफल नेम धरत नाही. सरावाने ही सवय लवकर सुटत नाही. काडतूस बदललं तर सुटते. कूपर यांनी .३०८ ला पर्याय म्हणून ७ मिमी-०८ आणि .२४३ यांनाही जागा ठेवली होती. स्वालबार्डसारख्या ठिकाणी, जिथे पांढऱ्या अस्वलाशी गाठ पडू शकते, .३०८ किंवा .३०-०६ च्या खाली उतरू नये हे खरं. पण अस्वल नसलेल्या रानात .२४३ ची हलकी रायफल सामान्य बांध्याच्या माणसाला जास्त उपयोगी पडेल.

मग वजन उतरवायचं कुठून? नंबर ५ च्या अगदी उलट वाटेने गेलेला एक माणूस वेस्ट व्हर्जिनियात होऊन गेला. मेल्विन फोर्ब्ज यांनी १९८५ मध्ये जी ‘मॉडेल २०’ रायफल आणली, तिचं वजन दुर्बीण न धरता ५ पौंडांच्याही आत, म्हणजे सव्वादोन किलोंच्या आतबाहेर होतं. त्यांनी पोलादाला भोकं पाडली नाहीत. .३०८ एवढ्या लांबीच्या काडतुसाला जेवढी लागते तेवढीच लांब अ‍ॅक्शन बनवली; ती २० औंस भरली, त्यावरून रायफलीचं नाव पडलं. उरलेली बचत त्यांनी दस्त्यात केली. केवलार आणि ग्रॅफाइटचा दस्ता सुमारे अर्ध्या किलोचा आणि लाकडापेक्षा कितीतरी ताठ. त्या काळी नळी दस्त्याला कुठेही न टेकता मोकळी ठेवायची पद्धत रूढ होती. फोर्ब्ज यांनी ती मोडली आणि नळी टोकापर्यंत दस्त्यात टेकवली, कारण त्यांचा दस्ता पावसाने फुगत नव्हता की उन्हाने वाकत नव्हता. बारीक नळीला ताठ दस्त्याचा आधार मिळाला आणि हलकी रायफल नेमकी मारत नाही हा समज खोटा ठरला. या विषयात मला सर्वांत जास्त आदर वाटतो तो या कामाबद्दल.

नळीच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे: बारीक करण्यापेक्षा आखूड करावी. दांड्याचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो आणि लांबीच्या घनाने कमी होतो. त्याच जाडीची नळी २४ इंचांवरून १८ वर आणली, तर ती दुपटीहून अधिक ताठ होते आणि वजनही उतरतं. उलट २४ इंचांचीच ठेवून ती बारीक केली, तर वजन उतरतं पण तीन-चार गोळ्यांत तापून ती वळवळू लागते. आखूड नळीत गोळीचा वेग घटतो. .३०८ मध्ये साधारण दर इंचाला सेकंदाला ६ ते ८ मीटर, म्हणजे सहा इंचांना चाळीस-पंचेचाळीस. रानातल्या अंतरांना त्याने काही बिघडत नाही. आवाज आणि ज्वाळा मात्र वाढतात, आणि तो त्रास खरा आहे. १८ ते २० इंच हा मध्य मला पटतो. कापलेल्या तोंडाची कड हा नाजूक भाग. तिथून गोळी सुटते तेव्हा मागचा वायू चहूबाजूंनी एकाच क्षणी निसटला पाहिजे. कडेला एका बाजूने बारीकसा टवका गेला असेल, तर वायू तिथून आधी सुटतो आणि गोळीला कोलतो. म्हणून हे काम करवतीने घरी करायचं नाही. लेथवर कारागिराने करायचं.

दस्ता हा मात्र असा भाग आहे, की तिथे खर्च केलेला प्रत्येक तास परत मिळतो. पहिली तपासणी कोणालाही करता येते. रायफल रिकामी आहे याची दोनदा खात्री करून ती उभी धरायची. एका हाताचं बोट नळी आणि दस्त्याच्या टोकामधल्या फटीवर अशा बेताने ठेवायचं, की दोन्हींना स्पर्श होईल. दुसऱ्या हाताने अ‍ॅक्शनचा पुढचा स्क्रू सैल करायचा, पुन्हा आवळायचा. बोटाला नळी सरकल्याचं जाणवलं, तर अ‍ॅक्शन दस्त्यात ताणून बसली आहे. प्रत्येक ऋतूत, प्रत्येक ओलाव्यात तिचा नेम बदलेल. मग अ‍ॅक्शन बाहेर काढून तिच्यावर मेणाचा हात फिरवायचा, धक्का झेलणाऱ्या कानामागे आणि स्क्रूंच्या खांबांभोवती इपॉक्सी भरायचं, अ‍ॅक्शन तिच्या स्वतःच्या वजनाने आत बसू द्यायची आणि एक रात्र हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी ती टकटक करत बाहेर निघते आणि इपॉक्सीत तिच्या तळाचा आरशासारखा ठसा उमटलेला असतो. फॅक्टरीतल्या मशीनच्या खुणासुद्धा त्यात वाचता येतात. एवढ्या कामाने वजन काही ग्रॅमनेच वाढतं. त्यातून मिळणारी खात्री कुठल्याही महागड्या सुट्या भागातून मिळत नाही.

दस्त्याची लांबी हा दुसरा मुद्दा. बाजारातल्या बहुतेक रायफलींचा चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचा पल्ला साडेतेरा इंचांच्या आसपास असतो. आपल्याकडच्या सर्वसाधारण बांध्याला तो थोडा लांबच पडतो. त्यात थंडीचं जाड जाकीट घातलं, की दस्ता काखेत अडकतो आणि रायफल खांद्याला लावायलाच वेळ लागतो. नुसत्या शर्टावर माप घेऊन दस्ता बनवणं ही सर्रास होणारी चूक आहे. जे कपडे घालून रानात जाणार, ते घालूनच माप द्यावं. स्टायर स्काउटमध्ये दस्त्याच्या टोकाला पातळ थर घालून-काढून ही लांबी कमीजास्त करता येते. तिचा दस्त्यातच राहणारा जास्तीचा मॅगझिनही मला उपयोगी वाटतो.

दुर्बिणीबाबत मात्र मी कूपर यांच्या मताचा नाही. नळीवर पुढे बसवलेल्या दुर्बिणीचे फायदे त्यांनी नीट सांगितले होते: दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरता येतो, वरून काडतुसं भरायला अ‍ॅक्शन मोकळी राहते, रायफल मध्यावर मुठीत धरून चालता येते. पण डोळ्यापासून दूर गेलेल्या दुर्बिणीत दिसणारा भाग आकसतो, संध्याकाळी प्रकाश कमी पडतो आणि सूर्य पाठीशी असेल तर मागच्या काचेवर त्याचं प्रतिबिंब चमकतं. रानात दुर्बिणीची खरी गरज पहाटे आणि तिन्हीसांजेला लागते, आणि नेमकी तेव्हाच ती कमी पडते. आज नेहमीच्या जागी बसणाऱ्या, एक ते चार पट शक्तीच्या हलक्या दुर्बिणी मिळतात. एकपटीवर ठेवल्या की दोन्ही डोळे उघडे राहतातच. माझी निवड तीच. सोबत अ‍ॅक्शनच्या मागच्या टोकाला गोल छिद्राचं साइट आणि पुढे जाडसर माशी हवीच, आणि दुर्बिणीच्या कड्या अशा हव्यात की हातानेच सोडवता येतील. पट्ट्याबाबत कूपर यांच्याशी माझा पूर्ण सूर जुळतो. एरिक चिंग यांनी रचलेला तीन ठिकाणी अडकवायचा पट्टा दंडाभोवती एका हालचालीत वेढला जातो. हलकी रायफल हातात थरथरते. पट्टा ती थरथर आवरतो. अगदी थोड्या ग्रॅममध्ये गेलेल्या वजनाची इतकी भरपाई दुसऱ्या कशानेही होत नाही.

‘सर्व्हायव्हल रायफल’ या नावाने जे विकलं जातं, त्याचा उगम वेगळा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी वायुदलाला आर्क्टिकवरून उडणाऱ्या वैमानिकांची काळजी होती. विमान पडलं आणि माणूस वाचला, तर सुटकेचं पथक येईपर्यंत त्याने खायचं काय? त्यातून १९४९ ची एम-४ आली: .२२ हॉर्नेट काडतूस, बोल्ट-अ‍ॅक्शन, तारेचा सरकता दस्ता, नळी वेगळी करून आसनाखालच्या पेटीत मावणारी. १९५६ मध्ये आर्मालाइटच्या एआर-५ ला वायुदलाने एमए-१ या नावाने मान्यता दिली. तीही बोल्टचीच, सुटी करून सगळे भाग तिच्याच पोकळ दस्त्यात भरायचे, आणि पाण्यात पडली तर ती तरंगायची. वायुदलाकडे जुन्या रायफली भरपूर असल्यामुळे तिची मोठी खरेदी झालीच नाही. या रायफली सशासारखं लहान जनावर मारून पोट भरण्यासाठी होत्या. अस्वलापुढे त्या घेऊन उभं राहायचं नाही. आज ‘एकाच रायफलीत सगळं’ अशी जाहिरात दिसते, तेव्हा हा भेद विसरला जातो. भूक आणि हल्ला यांची काडतुसं वेगळी आहेत. कुठे जातोय हे पाहून एकाची निवड करावी लागते.

त्याच जाहिरातींत दस्त्यात होकायंत्र, काडेपेटी, गळ, सुरी असं काय काय भरलेलं असतं. मी त्याच्या विरोधात आहे. नदी ओलांडताना रायफल हातची गेली, तर आगही गेली आणि दिशाही गेली. जीव वाचवणाऱ्या वस्तू अंगावरच्या खिशात हव्यात. तीच गत तिपाया-दुपायांची आणि नळीखालच्या दिव्यांची. पाठपिशवी आडवी टाकली की रायफलीला आधार मिळतो, आणि पिशवी तर आपण वाहतच असतो.

थंडीतल्या वापराबद्दल या पुस्तकात बरंच आहे, म्हणून इथे दोनच गोष्टी. उबदार तंबूत आणलेल्या गोठलेल्या रायफलीवर क्षणात दव जमतं. ती पुन्हा बाहेर नेली की तेच पाणी बोल्टमध्ये आणि सेफ्टीत गोठतं. म्हणून रायफल बाहेरच, छपराखाली कोरडी ठेवतात आणि बोल्टमधलं तेल पूर्ण पुसून काढतात. दुसरी गोष्ट, नळीच्या तोंडावर लावायची साधी इन्सुलेशन टेप. बर्फात घसरून पडलं तरी नळीत बर्फ जात नाही, आणि गोळी पोहोचण्याआधीच पुढे दबलेली हवा टेप फाडून टाकते. नेम बदलत नाही. बंद नळीतून गोळी झाडली तर नळी फुटू शकते, एवढ्यासाठी ही दोन बोटं टेप लाख मोलाची.

कायद्याचा भाग टाळून चालणार नाही. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या सहाव्या कलमानुसार बंदुकीची नळी आखूड करायलाच वेगळा परवाना लागतो, आणि सैन्याच्या बोअरची शस्त्रं सामान्य परवान्यावर मिळत नाहीत. म्हणूनच आपल्याकडच्या परवानाधारकांच्या हाती .३१५ ची देशी रायफल दिसते. अमेरिकेत १६ इंचांखालची रायफलीची नळी संघराज्याच्या खास नोंदणीत येते. कॅनडात सुरक्षा प्रशिक्षण आणि परवाना यांशिवाय रायफल जवळ ठेवता येत नाही. या पुस्तकातलं काहीही करण्याआधी जिथे राहता तिथला कायदा वाचा आणि परवानाधारक कारागिराला विचारा.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अलास्कातल्या अस्वलांच्या घटनांवर केलेले दोन अभ्यास २००८ आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्यात मिरचीच्या फवाऱ्याने तपकिरी अस्वल रोखलं जाण्याचं प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर आढळलं. दुसऱ्यात बंदूक वापरणाऱ्यांना आणि न वापरणाऱ्यांना झालेल्या इजांत फरक दिसला नाही, कारण धावत्या अस्वलावर घाईत नेम लागणं अवघड असतं. अस्वलाच्या मुलखात जाणाऱ्याने फवारा आधी घ्यावा, वापरायला शिकावा, अन्न तंबूपासून लांब ठेवावं. रायफल त्यानंतर.

एवढं करून रायफल तयार झाली, की तिची परीक्षा कशी घ्यायची? रेंजवर पाच-पाच गोळ्यांचे गठ्ठे मारून हलक्या रायफलीबद्दल फारसं कळत नाही. रानात उपयोगी पडते ती गार नळीतून सुटलेली पहिली गोळी. म्हणून रेंजवर गेलं की रायफल पिशवीतून काढून, हात न तापवता, शंभर मीटरवरच्या कार्डावर आधी एक गोळी मारावी, छिद्राजवळ तारीख लिहावी आणि ते कार्ड जपून ठेवावं. पुढच्या वेळी त्याच कार्डावर पुन्हा एकच. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा. वर्षभरात जमलेली ती छिद्रं तळहाताखाली झाकली जात असतील, तर रायफल चांगली आहे.

पुढच्या प्रकरणांचा क्रम या विचारानेच लावला आहे. आधी दस्ता, मग पट्टा, मग साइट आणि दुर्बीण, मग काडतूस. नळी त्यांच्यानंतर येते, कारण कापलेली नळी परत वाढवता येत नाही आणि आधीची कामं केल्यावर बहुतेकांना ती कापावीशी वाटत नाही. चापावरचं प्रकरण सर्वांत लहान आहे. चाप फार हलका केला तर पडल्यावर रायफल सुटू शकते. ते काम घरच्या टेबलावर करायचं नाही, आणि कारागिराकडून परत आल्यावर काय तपासायचं, तेवढंच त्यात सांगितलं आहे.